झाकणावरची पाच पदकं नेमकी कुणाची?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच सांगता येईल. नाशिकला तुमच्या घरी पणजोबांच्या वेळचा एक उभा पियानो आहे. झाकण उघडलं की आतल्या बाजूला सोनेरी रंगात पाच पदकं दिसतात आणि त्यांच्याखाली 'लंडन 1862', 'पॅरिस 1867', 'पॅरिस 1878' आणि 'कलकत्ता 1883–84' असं लिहिलंय. कंपनीचं नाव घासून गेलंय, शेवटचा 'लंडन' हा शब्द तेवढा वाचता येतो. पणजोबांनी हा पियानो 1870 च्या सुमारास मुंबईत एका साहेबाकडून घेतला, असं घरात सांगतात. आता वाडा रिकामा करायचा आहे. 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेता पियानो' अशी जाहिरात द्यावी का, आणि पदकांमुळे किंमत किती वाढेल, हे तुम्हाला हवंय.

मी गेली तीस-एक वर्षं मुंबई, वसई आणि गोव्यात पियानो ट्यून करतो, दुरुस्त करतो. अशी पदकांची झाकणं शेकड्यांनी पाहिली आहेत. तेव्हा थोडक्यात उत्तर आधी देतो. पदकं बहुधा खरी आहेत. पण ती तुमच्या पियानोला मिळालेली नाहीत, आणि त्यातलं निदान एक तरी सोन्याचं नक्कीच नाही. किंमत ठरेल ती झाकणामागे काय शिल्लक आहे त्यावर. मात्र ही पदकं निरुपयोगीही नाहीत. तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट ती आत्ताच सांगताहेत, तिच्याकडे येतोच.

तुमची खरी अडचण मला किमतीपेक्षा वेगळी वाटते. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातदाराने लिहिलेलं वाक्य तुम्ही आज आपल्या नावाने पुन्हा छापायला निघाला आहात. म्हणून ते वाक्य मुळात कसं तयार झालं, हे आधी समजून घ्या.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा अजस्र महाल उभारून पहिलं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत 60 लाखांवर भेटी झाल्या. वाफेची इंजिनं, मखमल, तोफा यांच्या शेजारी पियानोही मांडले होते, आणि वाद्यांसाठी परीक्षकांचं वेगळं मंडळ होतं. फ्रान्सकडून संगीतकार बर्लिओझ त्या मंडळावर आले होते. वरच्या दर्जाचं कौन्सिल पदक पॅरिसच्या एरार या पियानो कंपनीला मिळालं. बॉस्टनच्या जोनास चिकरिंग यांना त्याखालचं प्राइझ पदक मिळालं. यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: त्या प्रदर्शनातली सगळी पदकं, अगदी कौन्सिल पदकसुद्धा, काशाची होती. सोनं-चांदी असा प्रकारच नव्हता. 1862 च्या लंडन प्रदर्शनात तर एकाच प्रतीचं पदक होतं, तेही काशाचं, आणि त्याखाली नुसता सन्माननीय उल्लेख. म्हणजे तुमच्या झाकणावरचं 'लंडन 1862' हे पदक सोन्याचं असूच शकत नाही. ते सोनेरी दिसतं, कारण झाकणावरची चित्रं सोनेरी वर्खात छापून चिकटवलेली असत. काशाचं असो, चांदीचं असो, वर्खात आल्यावर सगळी पदकं सारखीच चमकतात. कारखानदारांनी मुद्दाम खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकाचा गैरसमज होत असेल तर तो दूर करण्याची घाईही कुणाला नव्हती.

तुमची पदकं पाच आणि नावं चार, याचा उलगडाही इथेच होतो. पदकाला दोन बाजू असतात. एका बाजूला राजाचा किंवा राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला देवी, पुष्पहार किंवा प्रदर्शनाचं नाव. बरेच कारखानदार दोन्ही बाजूंची चित्रं शेजारी शेजारी छापत, त्यामुळे एका पदकाची दोन दिसत. भिंग घेऊन बघा. पाचांपैकी दोन एकाच पदकाच्या दोन बाजू निघतील असा माझा अंदाज आहे.

पॅरिसची गोष्ट वेगळी. 1867 च्या प्रदर्शनात सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि सन्माननीय उल्लेख अशी उतरंड होती, आणि पियानोच्या जाहिरातबाजीतली सगळ्यात मोठी लढाई तिथेच झाली. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेला सुवर्णपदक मिळालं आणि बॉस्टनच्या चिकरिंगलाही मिळालं. त्यात भर म्हणून फ्रँक चिकरिंग यांना फ्रेंच सरकारने 'लिजन ऑफ ऑनर' या आपल्या राष्ट्रीय सन्मानाचा क्रॉस दिला. लगेच चिकरिंगने जाहीर केलं की क्रॉस हा पदकाहून वरचा मान, म्हणून पहिलं बक्षीस आपलं. स्टाइनवेचं म्हणणं असं की क्रॉस माणसाला मिळतो, वाद्याला नाही. वाद्यांच्या परीक्षकांनी, आणि विशेषतः अहवाल लिहिणाऱ्या फेतिस या विद्वानाने, आपल्या पियानोची जास्त स्तुती केली आहे, म्हणून पहिले आपणच. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत हे भांडण पानंच्या पानं चाललं. एकाच प्रदर्शनातून परतलेल्या दोन्ही कंपन्या 'पहिलं बक्षीस' असंच छापत राहिल्या.

या भांडणात मला नेहमी एक प्रामाणिक धागा दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो. दोघांकडेही दाखवण्यासारखं खरोखर काही होतं. चिकरिंगने 1843 मध्ये ग्रँडसाठी, म्हणजे मोठ्या आडव्या पियानोसाठी, एकसंध ओतीव लोखंडी चौकट आणली होती. स्टाइनवेने 1859 मध्ये ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ट्यूनर त्याला ओव्हरस्ट्रंग म्हणतात. तारा तिरप्या गेल्या की त्यांना लांबी मिळते आणि त्यांचा पूल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, साउंडबोर्डच्या (आवाज मोठा करणाऱ्या मोठ्या पातळ फळीच्या) मध्याकडे सरकतो, जिथे लाकूड मोकळेपणी कंप पावतं. त्यामुळे खर्ज भरदार होतो. पण तारा जाड आणि ताणलेल्या असतील तर लाकडी चौकटीला ते ओझं पेलत नाही. आजच्या मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो. तो पेलायला लोखंडच हवं. 1867 मध्ये पॅरिसला लोकांनी हे दोन्ही एकत्र ऐकलं, आणि पुढच्या काही दशकांत जर्मन कारखानदारांनी ही पद्धत झपाट्याने उचलली. इंग्रज कारखानदार मात्र बराच काळ आपल्या सरळ तारांवरच अडून बसले. हे तुमच्या कामाचं आहे, कारण तुमचा पियानो लंडनचा आहे.

1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात आयोजकांनी हा तंटाच मिटवायचं ठरवलं. पदकांचे दर्जे काढून टाकले. पात्र ठरलेल्या प्रत्येकाला सारखंच काशाचं पदक आणि सोबत परीक्षकांचा लेखी अभिप्राय. झालं उलटंच. पदक सगळ्यांचं एक, म्हणून प्रत्येकाने आपल्या अभिप्रायातली सोयीची ओळ उचलली आणि 'सर्वोच्च सन्मान' म्हणून छापली. त्यामुळे 'फिलाडेल्फिया 1876, सर्वोच्च पुरस्कार' असं कुठे दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा: ही कंपनी तिथे गेली होती आणि तिचं वाद्य चांगलं ठरलं.

पदकांइतकीच माणसंही वापरली गेली. स्टाइनवेने 1866 मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर दोन हजारांवर आसनांचं सभागृह बांधलं. मैफिलीला येणारा माणूस पियानोच्या दालनातूनच आत जाई. 1872–73 मध्ये त्यांच्या पाठिंब्याने रशियन पियानोवादक अंतोन रुबिनश्टाइन अमेरिकेत आले आणि 239 दिवसांत 215 मैफिली केल्या. चिकरिंगने 1875 मध्ये जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोला आणलं. त्याची एक गोष्ट आमच्या धंद्यात आजही सांगतात. बाल्टिमोरला तालमीच्या वेळी पियानोच्या कडेला कंपनीच्या नावाची मोठी पाटी लटकलेली पाहून तो इतका संतापला की ती उपटून त्याने खाली फेकली. आणि त्या काळचा सगळ्यात नावाजलेला पियानोवादक लिस्ट? एरार, बोझेनडोर्फर, बेखश्टाइन, चिकरिंग, स्टाइनवे, सगळ्यांच्या वाद्यांना त्याचा हात लागला आणि त्याचं कौतुक लाभलं. एकाच थोर माणसाची स्तुती सगळ्यांकडे असेल तर निवड करायला तिचा उपयोग होत नाही, पण जाहिरातीला होतो. 1893 मध्ये शिकागोला तर न्यूयॉर्कच्या मोठ्या कारखानदारांनी प्रदर्शनावरच बहिष्कार घातला. तरी पोलिश पियानोवादक पादेरेव्स्की तिथे मैफिलीत स्टाइनवेच वाजवून गेला आणि त्यावरून प्रदर्शनाच्या अधिकाऱ्यांत मोठं वादळ उठलं. पदक न घेता मिळालेली ती प्रसिद्धी कुठल्याही पदकाहून मोठी ठरली.

आता तुमच्या झाकणाकडे. सगळ्यात उशिराचं पदक आहे 'कलकत्ता 1883–84'. हे प्रदर्शन खरोखर भरलं होतं, डिसेंबर 1883 ते मार्च 1884. म्हणजे हे झाकण त्याआधी छापलेलंच नाही, आणि तुमचा पियानो 1870 मध्ये विकत घेणं शक्य नाही. कारखानदार जुनी पदकं पुढे वीस-तीस वर्षंही छापत राहत, त्यामुळे सगळ्यात उशिराचं पदक फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतं. माझ्या अंदाजाने वाद्य 1885 ते 1905 मधलं असावं. पणजोबांची गोष्ट खोटी आहे असं यातून समजू नका. खरेदी खरी असेल आणि साल सांगोवांगी मागे सरकलं असेल. कदाचित साहेबाकडून घेतलेला पियानो वेगळा असेल आणि हा नंतर आला असेल, किंवा खरेदी पणजोबांची नसून आजोबांची असेल. एवढं मात्र खरं की कलकत्त्याचं पदक मिरवणारी कंपनी हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून होती.

नाव घासलेलं असणं ही गोष्ट मला जास्त सतावते. त्या काळात प्रसिद्ध नावासारखं नाव लावून माल विकायची रीत होती. लंडनच्या जॉन ब्रिन्समेडचंच बघा. या कारखानदाराला 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात लिजन ऑफ ऑनर मिळाला आणि त्याने त्याची जोरदार जाहिरात केली. 1890 च्या दशकात 'थॉमस एडवर्ड ब्रिन्समेड अँड सन्स' या नावाची वेगळीच कंपनी निघाली. मूळ कंपनी कोर्टात गेली आणि शेवटी कोर्टाने त्या नव्या कंपनीला गुंडाळायला लावलं. शिवाय एकाच कारखान्यातून बनून वेगवेगळ्या दुकानदारांच्या नावाने विकले जाणारे पियानोही भरपूर होते. म्हणून लोखंडी चौकटीवर ओतलेलं नाव, साउंडबोर्डवरचा शिक्का आणि अनुक्रमांक, या तीन जागा आधी शोधा. अनुक्रमांक बहुधा वरचं झाकण उघडल्यावर ट्यूनिंग पिनांच्या, म्हणजे तारा ज्यांना गुंडाळून ताणतात त्या लोखंडी खुंट्यांच्या, आसपास दिसतो. कधी सगळ्यात डावीकडच्या पहिल्या पट्टीच्या लाकडावरही असतो. पदकाचं चित्र चिकटवणं सोपं, लोखंडात नाव ओतणं महाग.

किमतीबद्दल आता स्पष्ट बोलतो. इथून पुढचं वाद्य न पाहता सांगतोय, त्यामुळे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. कामाला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी वसईच्या एका कुटुंबाला मी त्यांच्या पियानोवरची सहा पदकं पाहून सांगितलं होतं की हा ठेवा आहे, घाईने विकू नका. त्यांनी आलेलं एक बरं गिऱ्हाईक परत पाठवलं. दोन पावसाळ्यांनी मी पिना पिळून पाहिल्या, तर अर्ध्याहून जास्त सैल होत्या. लाकूडच फाटलं होतं. तो पियानो पुढे कुणी घेतला नाही. तो सल्ला मला अजून बोचतो. तेव्हापासून पदकं मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आधी बघायचा तो पिन ब्लॉक. तारांच्या पिना ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते लाकूड. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा, मग उन्हाळा, असं शंभर वेळा फुगून-आटून ते फाटतं आणि पिना सूर धरत नाहीत. नाशिकची हवा त्या मानाने कोरडी, तेवढं तुमचं नशीब. मग साउंडबोर्डला तडे आहेत का, पूल उखडला आहे का, वाळवी लागली आहे का. पाठीमागचं कापड काढून टॉर्च मारा, लाकडावर मातीच्या बोगद्यांच्या खुणा दिसतात का बघा. पट्ट्यांखालच्या फेल्टला कसर लागलेली असणार, त्याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका, ते बदलता येतं.

दुसरं म्हणजे रचना. समोरचा खालचा फळा काढा. खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या जात असतील तर वाद्य ओव्हरस्ट्रंग आहे, ही चांगली खूण. मग वरून आत बघा. हॅमरच्या, म्हणजे तारांवर आपटणाऱ्या लाकडी हातोड्यांच्या, समोर सळ्यांचा पिंजरा दिसला, म्हणजे सूर थांबवणारे डॅम्पर हॅमरच्या वर बसवलेले असतील, तर तो जुन्या इंग्रजी धर्तीचा पियानो. आम्ही त्याला बर्डकेज म्हणतो. तो ट्यून करायला त्रासाचा, सूर नीट थांबत नाही, आणि शिकणाऱ्या मुलासाठी कुणी घेत नाही. सरळ तारा आणि पिंजरा असे दोन्ही असतील, तर झाकणावर पाच काय पंधरा पदकं असली तरी वाजवण्याचं वाद्य म्हणून त्याला फारसा भाव येणार नाही. घरातली सुंदर जुनी वस्तू म्हणून येईल, तो वेगळा बाजार.

तिसरी गोष्ट, जी जाहिरातदाराने कधी मोठ्या अक्षरांत लिहिली नाही पण मला पदकापेक्षा मोलाची वाटते. हिंदुस्थानासाठी बनवलेले काही पियानो खरोखर वेगळे असत. सरसाच्या भरवशावर न राहता सांधे स्क्रूने आवळलेले, पट्ट्यांवरचे तुकडे पितळी खिळ्यांनी बसवलेले, भरीव लाकूड, कीटक शिरू नयेत म्हणून पाठीला जाळी. तुमच्याकडे पट्ट्यांवर बारीक पितळी ठिपके दिसले तर ते जपा आणि जाहिरातीत जरूर लिहा. लंडन-पॅरिसच्या परीक्षकांनी आपला पावसाळा पाहिलेला नव्हता. ज्या कारागिराने ते खिळे ठोकले, त्याला तो ठाऊक होता.

पट्ट्यांवरूनच एक गंभीर सूचना. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या असतील, तर जाहिरातीत 'ओरिजिनल आयव्हरी' असं अभिमानाने लिहू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, आणि 1991 पासून आफ्रिकन हत्तीच्या दाताचाही त्यात समावेश आहे. वाद्य जुनं आहे एवढ्यावर सुटका होईल असं गृहीत धरू नका. प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर पुढचा रुंद आणि मागचा अरुंद असे दोन तुकडे जोडल्याची बारीक रेघ असेल आणि रेषांची वीण अनियमित असेल, तर हस्तिदंत असण्याची शक्यता आहे. अखंड पट्टी किंवा आखल्यासारख्या एकसारख्या रेषा असतील तर बहुधा सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक. शंका असली तर विक्रीआधी वनखात्याकडे किंवा वकिलाकडे विचारा.

पॉलिशवाल्याला मात्र आत्ता बोलावू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला पॉलिश मारलं की वर्खातली पदकं आणि उरलंसुरलं नाव, दोन्ही कायमचं जाईल. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, पाणी नको, स्पिरिट तर नकोच. तिरपा प्रकाश टाकून फोटो काढलात तर घासलेल्या अक्षरांचे ठसेही कधी कधी वाचता येतात.

जाहिरातीचा मजकूर मी असा लिहीन: 'लंडनमध्ये बनवलेला जुना उभा पियानो, अंदाजे 1885 नंतरचा. झाकणावर कारखानदाराला मिळालेल्या प्रदर्शनांच्या पदकांची मूळ चित्रं शाबूत. पिन ब्लॉक, साउंडबोर्ड आणि हॅमरची स्थिती तंत्रज्ञाकडून तपासलेली, फोटो पाठवू. नाशिकला येऊन पाहता येईल.' 'कारखानदाराला मिळालेल्या' हे दोन शब्द गाळू नका. तपासणीबद्दलचं वाक्य मात्र तपासणी झाल्यावरच टाका.

चार फोटो पाठवलेत तर जास्त नेमकं सांगता येईल: झाकणाची आतली बाजू तिरप्या प्रकाशात, ट्यूनिंग पिना जवळून, खालचा फळा काढल्यावर दिसणाऱ्या तारा, आणि पाठीची बाजू. पिनांचा फोटो शक्यतो सकाळच्या उजेडात काढा, फ्लॅशमध्ये गंज दिसत नाही.